गणपतीला गावी जायचंय, पण घर सोडवत नाही

वाचक ताईंचं पत्र, थोडं छोटं करून:

"आम्ही डोंबिवलीला राहतो, जुनी चार मजल्यांची बिल्डिंग आहे, लिफ्ट नाही, वॉचमन फक्त रात्रीचा. आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. मागच्या महिन्यात बाजूच्या बिल्डिंगमध्ये भरदुपारी घरफोडी झाली, कडीकोयंडा तोडून आत शिरले आणि कपाट रिकामं करून गेले. त्या दिवसापासून माझी झोप उडालीय. गणपतीला दरवर्षी आम्ही सगळे आठ-नऊ दिवस सावंतवाडीजवळ गावी जातो, गौरी-विसर्जन करूनच परत येतो, घराला कुलूप असतं. मिस्टर म्हणतात पंधरा हजारांचे कॅमेरे बसवून टाकू म्हणजे टेन्शन नाही. सासूबाईंचे सगळे दागिने घरातच आहेत, तांदळाच्या डब्यात, बँकेच्या लॉकरचं नाव काढलं की त्या गप्प होतात. इतर दिवशी दुपारी त्या घरात एकट्याच असतात. माझी नऊ वर्षांची मुलगी रात्री उठून दार लावलंय का बघते. यावर्षी जाऊच नये असं वाटतंय. काय करू?"

ताई, पहिलं उत्तर आधी देते, गावी जा. वर्षातून एकदा सगळं कुटुंब एका घरात जमतं, ते चोराच्या भीतीने सोडायचं नाही. अजून हातात वेळ आहे आणि जे करायचं आहे त्यातलं बरंचसं एका सुताराच्या अर्ध्या दिवसात आणि बँकेच्या दोन-तीन फेऱ्यांत होणारं आहे. कॅमेरे वाईट नाहीत पण ते पहिले नाहीत, आणि मिस्टरांना हे का सांगायचं ते खाली लिहितेच.

आपल्याकडच्या घरफोडीच्या बातम्या नीट वाचल्यात तर एक शब्द सारखा येतो, "बंद घर" किंवा "बंद फ्लॅट". तुमच्या बाजूच्या बिल्डिंगमध्येही दुपारी झालं म्हणजे घरातले सगळे कामावर गेलेले असणार. घरफोडी करणाऱ्याला माणसांशी मारामारी करायची नसते, त्याला रिकामं घर हवं असतं आणि काही मिनिटं हवी असतात. त्यामुळे आपल्याला करायचं ते एवढंच की घर रिकामं आहे हे बाहेरून कळू नये, दार पटकन तुटू नये, आणि एवढं करूनही कोणी आत आलंच तर त्याच्या हाताला फार काही लागू नये. दार, लॉकर, शेजारी, यात पैसा आणि वेळ घाला, मग उरलं तर कॅमेरा.

आता दार. आज संध्याकाळी एक काम करा, स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि तुमच्या मेन डोअरच्या कोयंड्याचा एक स्क्रू काढून बघा, एकच. जुन्या बिल्डिंगमध्ये बहुतेक वेळा तो जेमतेम पाऊण इंचाचा निघतो, गंजलेला, आणि इतके पावसाळे खाऊन चौकटीचं लाकूड फुगून-सुकून असं झालेलं असतं की स्क्रू परत लावताना तो नुसता गोल फिरत राहतो, घट्ट होतच नाही. कुलूप तुम्ही कितीही भारी आणा, सात लिव्हरचं आणा नाहीतर नऊ लिव्हरचं, चोर कुलपाला हातही लावत नाही, तो कटावणी कोयंड्याच्या मागे घालतो आणि एका झटक्यात स्क्रूसकट कोयंडा बाहेर. कुलूप तसंच लटकत असतं बिचारं, न उघडलेलं. "कडीकोयंडा तोडून" म्हणतात ते हेच.

म्हणून सुताराला बोलवून सांगा की कोयंडा स्क्रूवर नको, आरपार बोल्ट मारा, आतल्या बाजूने लोखंडी पट्टी लावून त्यावर नट घट्ट करा, म्हणजे बाहेरून ओढला तरी अख्खं दार ओढावं लागेल. लॅचची जीभ चौकटीतल्या ज्या पट्टीत जाते ना तिचेही स्क्रू बघून घ्या, तिथे तीन इंची स्क्रू लाकूड ओलांडून भिंतीपर्यंत गेले पाहिजेत. आणि चौकटच भिंतीत हलत असेल तर त्याला सांगा होल्डफास्ट, म्हणजे चौकटीला भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, परत सिमेंटात पक्के कर, कारण चौकट हलत असली की वरच्या सगळ्या खर्चाला अर्थ नाही. सेफ्टी डोअर बाहेरच्या बाजूला उघडत असेल तर त्याच्या बिजागऱ्या बाहेरून दिसत असतात, त्यांची पिन ठोकून काढता येते, तिथे वेल्डिंगचा छोटा टाका मारून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.

लॅचबद्दल अजून एक, दार नुसतं ओढून घेतलं की लॅच लागतं आणि आपण निघतो, खाली भाजी आणायला जाताना तर सगळेच असं करतात. पण त्या वेळी फक्त स्प्रिंगची जीभ अडकलेली असते, फटीतून पातळ पत्रा किंवा प्लास्टिकचं कार्ड सरकवून ती मागे ढकलता येते. बाहेरून चावी फिरवून डबल लॉक करा, प्रत्येक वेळी, दोन मिनिटांसाठी जात असलात तरी.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट. बाहेरून लोंबणारं मोठं कुलूप. आपल्याला ते बघून बरं वाटतं पण जिन्यातून जाणाऱ्या कोणालाही ते एकच सांगतं की इथे आत कोणी नाही. आठ दिवस तेच कुलूप त्याच अँगलमध्ये लटकताना दिसलं की बाकी चौकशीची गरजच उरत नाही. त्यापेक्षा बाहेर न लोंबणारं लॉक घ्या, मॉर्टिस (दाराच्या जाडीत बसतं) नाहीतर रिम लॉक (दाराच्या आतल्या बाजूला बसतं), दोन्ही बाजूंनी चावीने चालणारं, आणि सेफ्टी डोअरलाही तसंच बसवा. म्हणजे तुम्ही घरात असा नाहीतर सावंतवाडीला असा, बाहेरून दार सारखंच दिसतं. मात्र घरात असताना आतून चावीने लॉक करत असाल तर चावी दाराच्या जवळच ठरलेल्या एका खिळ्यावर असू दे, जी बाहेरून हात घालून काढता येणार नाही पण रात्री आग लागली, धूर झाला तर अंधारातही सासूबाईंना सापडेल. मुलीला आणि सासूबाईंना डोळे मिटून ती चावी काढायला लावून बघा एकदा.

जादा चावी शू रॅकमध्ये, पायपुसण्याखाली, मीटर बॉक्सवर, तुळशीच्या कुंडीत ठेवायची नाही. या जागा आपल्याला माहीत आहेत म्हणजे सगळ्यांनाच माहीत आहेत. कपाटाची चावी कपाटावर ठेवायची पण नाही. आणि खालून "चाव्या बनवणार" म्हणून ओरडत जाणाऱ्या अनोळखी माणसाला कपाटाचं लॉक दुरुस्त करायला घरात तर अजिबात घेऊ नका, "हे जरा गरम करून आणा, तेल आणा" असं म्हणून घरच्यांना आत पाठवायचं आणि कपाटातला लॉकर साफ करायचा हे प्रकार बऱ्याच शहरांत झालेले आहेत. दुकान असलेल्या माणसाकडे जा, समोर उभं राहून करून घ्या.

शेजाऱ्यांकडे येते. तुमच्या मजल्यावर चार दारं असतील असं धरते. महाराष्ट्रात घरफोड्यांची एक जुनी पद्धत आहे, ज्या घरात घुसायचं त्याच्या आधी आजूबाजूच्या घरांना बाहेरून कड्या लावून टाकायच्या. आवाज ऐकून शेजारी उठतात, दाराकडे धावतात आणि दार उघडतच नाही. आता आपल्या दारांना बाहेरच्या बाजूने वर जी आडवी कडी असते ती आपण शेवटची कधी वापरली? लॅच आल्यापासून तिचं काही कामच राहिलं नाही. चारही घरांनी मिळून त्या काढून टाका, एकाच सुताराकडून एकाच दिवशी. खर्च जवळपास नाही, आणि या निमित्ताने मजल्यावरची चार घरं बोलायला लागतात, त्यात जास्त फायदा आहे. चौघांचा एक वेगळा छोटा व्हॉट्सॲप ग्रुप करा, सोसायटीच्या मोठ्या ग्रुपवर सकाळच्या फुलांच्या फोटोंत काही कळत नाही. रात्री जिन्यात आवाज आला तर दार उघडून बघायला जायचं नाही, पीपहोलमधून बघायचं, लाईट लावायचे, ग्रुपवर कॉल करायचा, ११२ लावायचा, हे आधी ठरवून ठेवा.

तुम्ही गावी असताना शेजारच्या एका विश्वासातल्या घरी चावी द्या आणि त्यांना स्पष्ट शब्दांत काम सांगा. "जरा लक्ष ठेवा हं" एवढं बोलून आपण निघतो आणि त्यांनाही नेमकं काय करायचं कळत नाही. त्यांना सांगा की दारात पडलेलं पत्रक, कुरियर, काही असलं तर उचला, संध्याकाळी हॉलचा लाईट लावा आणि झोपताना बंद करा, एक दिवसाआड खिडकीचा पडदा हलवा, दारासमोरची फरशी पुसून घेताना आमचीही पुसा. दारापुढे रांगोळी असते तुमच्या? मग सणाच्या दिवशी तेवढी काढायला सांगा, सणाला रांगोळी नसलेलं दार लगेच उठून दिसतं. शेजारच्या ताई नाही म्हणणार नाहीत, उलट त्या मे महिन्यात माहेरी जातील तेव्हा हेच काम तुम्ही कराल. पेपर आणि दूध बंद करायला विसरू नका, आणि बंद करताना "आम्ही अमुक तारखेपर्यंत नाही" असं जिन्यात मोठ्याने सांगू नका, मेसेज करा. लाईट आठवडाभर चोवीस तास चालू ठेवून जाणं हाही इशाराच आहे, दिवसाढवळ्या पेटलेला ट्यूबलाईट रिकाम्या घरातच असतो. शेजारी लावणार नसतील तर टायमरचा प्लग मिळतो, संध्याकाळी सात ते साडेदहा लावून ठेवा.

व्हॉट्सॲप स्टेटस, इन्स्टावरच्या स्टोऱ्या, ट्रेनमधला सेल्फी, गावच्या गणपतीसमोर सगळ्या कुटुंबाचा फोटो. टाका ना, पण परत आल्यावर टाका. मिस्टरांच्या आणि दीर-नणंदांच्या फोनवरही हे लागू आहे, एकाने पाळून उपयोग नाही.

खिडक्यांचं लवकर आटपते. दुसरा मजला म्हणून निर्धास्त राहू नका, छज्जा आणि ड्रेनेजचा पाइप बघा, त्यावरून कुठल्या खिडकीपर्यंत हात पोचतो ते खाली उभं राहून बघा. बाथरूमच्या काचेच्या पट्ट्या सगळ्यात कच्च्या, एकेक सरकवून काढता येते, तिथे आतून ग्रिल हवं. बिल्डिंगला रंगाचं काम निघून परांची बांधली असेल तर त्या दिवसांत सगळ्या खिडक्या पहिल्या मजल्याच्याच समजा. ग्रिल स्क्रूवर असेल तर त्याला टाके मारा, पण एका तरी ग्रिलला आतून उघडणारा झरोका ठेवा, पूर्ण बंद पिंजऱ्यात आगीच्या वेळी बाहेर पडायला वाट नसते. गच्चीच्या दाराला कुलूप आहे का आणि त्याची चावी नक्की कोणाकडे आहे हे सेक्रेटरींना विचारा. दिवसाचा वॉचमन ठेवायचा विषय पण काढा, कारण बाजूला झालं ते दुपारी झालं.

कॅमेऱ्याचं आता मिस्टरांना सांगा. कॅमेरा चोरी थांबवेलच असं नाही, तो मुख्यतः नंतर तपासाला मदत करतो, तीही रेकॉर्डिंग हातात राहिलं तर. घरातच ठेवलेला डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारा डबा, चोर जाताना उचलून नेतात, मेमरी कार्ड कॅमेऱ्यातच असेल तर कॅमेऱ्यासकट जातं. आणि आपल्यापैकी बहुतेक जण आठ दिवस बाहेर जाताना काय करतात, तर मेन स्विच बंद! गॅस बंद, पाणी बंद, मेन बंद, नारळ फोडला, निघाले. मेन बंद झाला की वायफाय बंद, वायफाय बंद की कॅमेरा आंधळा, मोबाइलवर सावंतवाडीत बसून तुम्हाला एक काळा चौकोन दिसणार. त्यामुळे घ्यायचाच असेल तर एकच घ्या, दारावरचा, रेकॉर्डिंग क्लाउडवर जाणारा, राउटरला छोटा बॅकअप लावा, इलेक्ट्रिशियनकडून राउटर-कॅमेऱ्याची लाईन वेगळी करून घ्या म्हणजे बाकीचे एमसीबी (मेन बोर्डावरचे छोटे स्विच) खाली पाडता येतील. कॅमेऱ्यासोबत आलेला पासवर्ड पहिल्या दिवशी बदला. कॅमेऱ्याचं तोंड आपल्या दारावर आणि जिन्यावर, समोरच्यांच्या घरात नको, नाहीतर ज्या शेजाऱ्यांच्या जिवावर आपण निघतोय त्यांच्याशीच वाकडं होईल. खरं तर पंधरा हजार सोसायटीने जमवून गेटवर आणि जिन्याच्या तोंडाशी कॅमेरे लावले तर सगळ्या बिल्डिंगला उपयोग.

आता सासूबाई आणि तांदळाचा डबा.

ताई, इथे थोडं हळू जा. ते दागिने म्हणजे त्यांच्यासाठी नुसतं सोनं नाहीये, त्यांच्या नावावर घर नसेल, बँकेत फार काही नसेल, आयुष्यभरात "हे माझं" म्हणावं असं कदाचित तेवढंच आहे. लॉकर म्हटलं की त्यांना ते हातातून जातंय असं वाटत असणार, म्हणून गप्प होतात. तेव्हा "चोर नेईल" म्हणून घाबरवू नका. लॉकर त्यांच्या नावावर घ्या, दुसरं नाव तुमचं किंवा मिस्टरांचं जॉइंट, आणि चावी त्यांच्याच बटव्यात राहील हे आधी सांगा. रिझर्व्ह बँकेचे लॉकरचे नवे नियम जानेवारी २०२२ पासून लागू आहेत, त्यात लॉकर उघडला की त्याच दिवशी एसएमएस पाठवणं बँकेला बंधनकारक केलंय, तो मोबाइल नंबर त्यांचाच द्या. म्हणजे कोणी लॉकर उघडला तर त्यांना त्याच दिवशी कळेल. त्यांना सोबत घेऊन जा, तो जाड दरवाजा, ती खोली त्यांना बघू द्या, डबा त्यांच्याच हाताने आत ठेवू द्या. नॉमिनी पण त्यांनाच ठरवू दे.

बँकेची जबाबदारी मात्र समजून घ्या. चोरी, दरोडा, आग, बिल्डिंग कोसळणं किंवा कर्मचाऱ्याने केलेला घोटाळा, यात बँक वर्षाच्या भाड्याच्या शंभर पटीपर्यंत भरपाई देणं लागते. म्हणजे भाडं ३,००० असेल तर जास्तीत जास्त ३ लाख, आत कितीही किमतीचं असलं तरी. पूर, भूकंप अशा नैसर्गिक आपत्तीत ती जबाबदारी बँकेवर नाही, तेव्हा तळघरातली शाखा असेल तर मी दुसरी शोधीन. तरीही तांदळाच्या डब्यापेक्षा कितीतरी बरं. तांदूळ, डाळी, देवघर, गादीखाली, माळ्यावरची जुनी बॅग, या जागा चोरांना पाठ आहेत, घरफोडीनंतरच्या घरात पीठ-तांदूळ जमिनीवर ओतलेले असतात ते त्याचमुळे.

लॉकर लगेच मिळाला नाही, वेटिंग असलं तर? दुसरी शाखा, सहकारी बँक, माहेरच्या कोणाचा लॉकर आहे का, असं सगळीकडे विचारा, आत्ताच विचारायला लागा. गणेश चतुर्थीला बँका बंद, दुसरा-चौथा शनिवार बंद, शेवटच्या आठवड्यात धावपळ झाली की मग "राहू दे आता, परत आल्यावर बघू" होतं आणि डबा परत तांदळात जातो.

गौरीला दागिने घालायची पद्धत असेल तुमच्याकडे. मग सगळंच सोबत न्यायचं का? गर्दीच्या गाडीत, रात्रभर, पोरं झोपलेली, बॅग सीटखाली... नको. सासूबाईंच्या मनाला बरं वाटेल असा एखादा खरा दागिना अंगावर, झाकलेला, आणि बाकी गौरीला एक ग्रॅमवाले घाला. गौर रागवत नाही हो त्याने.

लॉकरमध्ये ठेवायच्या आधी एक दुपार सासूबाईंसोबत बसा. प्रत्येक दागिन्याचा जमिनीवर पांढरा कपडा घालून फोटो काढा, पुढून, मागून, फासा कसा आहे, कुठे डाग दिलाय, कुठला मणी बदललाय ते जवळून. ओळखीच्या सराफाकडे वजन करून वहीत लिहा, बिलं असतील ती त्याच वहीत. जुलै २०२१ पासून हॉलमार्कसोबत सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी नंबर, म्हणजे त्या एका दागिन्याचा स्वतःचा ओळख नंबर, यायला लागला, १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्याला तो लागतोच, तर नवीन दागिन्यांवरचा तो नंबर भिंगाने बघून टिपा. उद्या काही झालंच तर पोलिसांना "पाटल्या होत्या, साधारण चार तोळ्याच्या" सांगणं आणि हे असं सगळं समोर ठेवणं यात फार फरक पडतो, सापडलेला ऐवज तुमचाच आहे हे दाखवायलाही हेच लागतं. मोबाइलचे आयएमईआय (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख नंबर) आणि लॅपटॉपचा सिरियल नंबरही त्याच वहीत, फोन गेला तर संचार साथी या सरकारी पोर्टलवर आयएमईआय टाकून ब्लॉक करता येतो. वहीचे फोटो स्वतःला मेल करून ठेवा. आणि ते करताना सासूबाई प्रत्येक दागिन्याची गोष्ट सांगतील, ती ऐका, मुलीलाही बसवा शेजारी.

विम्याचं विचारलं नाहीत पण सांगते, कारण इथे खूप जण फसतात. होम लोनसोबत घराचा विमा असतो आणि लोकांना वाटतं चोरीही त्यात आली. एप्रिल २०२१ पासून जी भारत गृह रक्षा नावाची स्टँडर्ड पॉलिसी सगळ्या कंपन्या देतात, तिच्यात आग, पूर, भूकंप वगैरे आहे, पण चोरी फक्त अशा एखाद्या घटनेमुळे आणि तिच्यानंतर ७ दिवसांत झालेली. साधी घरफोडी त्यात नाही, ती वेगळी घ्यावी लागते आणि दागिन्यांचं कव्हर तर अजून वेगळं मागावं लागतं. घेताना दोन ओळी शोधून वाचा, घर सलग किती दिवस बंद राहिलं तर कव्हर जातं, आणि कुलूप तोडल्याच्या खुणा दाखवाव्या लागतात का. उघड्या दारातून गेलेल्या वस्तूला बऱ्याचदा पैसे मिळत नाहीत.

दुपारी सासूबाई एकट्या असतात त्याकडे गावी जाण्याइतकंच लक्ष द्या. सेफ्टी डोअर कायम बंद, आतलं दार उघडलं तरी बोलायचं ते जाळीतूनच. पावडरने दागिने-भांडी चमकवून देणारे, मीटर बघायला आलेले, गॅसची पाइप चेक करायला आलेले, "आजी पुढे चोऱ्या होतायत, दागिने काढून रुमालात बांधून द्या" म्हणणारे साध्या कपड्यातले "पोलीस", हे सगळे जाळीबाहेर. खरा पोलीस कधीही दागिने काढून द्या म्हणत नाही, हे वाक्य त्यांना दोनदा-तीनदा सांगा. त्यांनी कोणाला दार उघडलं नाही म्हणून घरात कोणी त्यांना बोलायचं नाही, पार्सल परत गेलं तर जाऊ दे.

आणि एक कळकळीने सांगायचंय. तुमच्या बाजूच्या बिल्डिंगमध्ये चोरी झाली तेव्हा पहिला संशय कोणावर गेला, घरकामाच्या मावशींवरच ना? जवळपास प्रत्येक ठिकाणी असंच होतं, पुरावा काही नसताना चार घरची कामं सुटतात बिचारीची. माहिती बाहेर जाते ती आपल्याच तोंडून, जिन्यात, रिक्षात, स्टेटसवर. नवीन माणूस कामाला ठेवताना, भाडेकरू ठेवताना ओळखपत्र आणि पोलीस व्हेरिफिकेशन जरूर करा, पण वर्षानुवर्षं येणाऱ्या मावशींना विश्वासात घ्या, तुमच्या मजल्यावर दुपारी कोण फिरतंय हे तुमच्या आधी त्यांना कळतं.

निघायच्या आधी पोलीस स्टेशनला जाऊन सांगता येतं की अमुक तारखा घर बंद आहे, सुट्ट्यांच्या आधी पोलीस स्वतःच तसं आवाहन करत असतात. बीटवरच्या पोलिसांचा नंबर मिळाला तर सेक्रेटरींकडे देऊन ठेवा.

परत आलात आणि दार उचकटलेलं दिसलं, तर आत जायचं नाही. कोणी अजून आत असू शकतं. खाली या, ११२ लावा. पोलीस येईपर्यंत कशाला हात लावू नका, कपाट बंद करू नका, पसारा आवरू नका, ठसे त्यावरच असतात. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, एफआयआरमध्ये राहत्या घरातल्या चोरीचं कलम ३०५ आणि घरफोडीचं ३३१ दिसेल. एफआयआरची प्रत फुकट मिळते, तो हक्क आहे, घेतल्याशिवाय येऊ नका. नुसत्या अर्जावर शिक्का मारून घरी पाठवत असतील तर एफआयआरच हवा म्हणून बसून राहा, विम्यालाही तोच लागतो. गेलेल्या वस्तूंची यादी घाईत अर्धवट देऊ नका, नंतर काही आठवलं तर पुरवणी जबाब देता येतो.

राहिली तुमची लेक. मला तुमच्या पत्रातलं तिचंच वाक्य जास्त लागलं. नऊ वर्षांचं पोर रात्री उठून दार बघतं म्हणजे दिवसभर घरात तोच विषय चाललाय. जेवताना चोरीच्या क्लिपा बघणं बंद करा, ग्रुपवर आलेलं कोणाच्यातरी घरचं फुटेज मोठ्या आवाजात लावू नका. "काही होत नाही गं" म्हणून तिला झोपवू नका, तिला खरं सांगा, की चोर रिकामं घर शोधतात, आपण घरात आहोत, आणि आपण दार पक्कं करतोय. सुतार येईल तेव्हा तिला तिथे बसू दे, बोल्ट किती लांब आहे ते हातात घेऊन बघू दे. रात्री झोपायच्या आधी बाबांसोबत लॅच, कडी, गॅस असं एकदा बघायचं आणि मग परत उठायचं नाही असं तिच्याशी ठरवा, बाबांनीही ते रोज पाळायचं, कंटाळा करायचा नाही. ११२ कसा लावायचा आणि घरचा पत्ता कसा सांगायचा ते शिकवा. महिनाभराने पण उठतच असेल तर डॉक्टरांशी बोला, लाजायचं काही नाही त्यात.

सुताराला या रविवारीच बोलवा, सणाच्या तोंडावर ते मिळत नाहीत. आणि लॉकरला सासूबाई काय म्हणाल्या ते मला कळवा, बँकेत कुठे अडवलं तर तेही लिहा, त्यावर पुढच्या वेळी सविस्तर सांगते.